नवं ॲप नको, आधी निघायची सोय दाखवा

दर वर्षा-दोन वर्षांनी हा प्रकार होतोच. कुठल्यातरी मोठ्या प्लॅटफॉर्मचा मालक काहीतरी उद्योग करून ठेवतो, पॉलिसी बदलतो नाहीतर फीडमध्ये जाहिरातींचा एवढा मारा करतो की ओळखीच्या माणसांच्या पोस्टी हुडकाव्या लागतात, मग लोक चिडतात, "मी चाललो, यापुढे मला तिकडे भेटा" अशी पोस्ट टाकतात (तीसुद्धा त्याच प्लॅटफॉर्मवर, कारण दुसरीकडे टाकली तर वाचणार कोण), नव्या ठिकाणी अकाउंट काढतात, तिथे चार दिवस एकमेकांना "किती शांत आहे ना इथे" म्हणतात आणि नव्याची नवलाई ओसरली की गुपचूप परत जुन्या जागी. ये रे माझ्या मागल्या.

याला लोकांचा आळस म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे, आणि मला ती अजिबात पटत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं तेव्हा मॅस्टोडॉन या ट्विटरच्या खुल्या पर्यायावर महिन्याला सक्रिय असणारे लोक एका महिन्यात साधारण ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले. आळशी माणसं असं करत नाहीत. सर्व्हर म्हणजे काय, एवढ्यातला कुठला निवडायचा, हँडलमध्ये, म्हणजे खात्याच्या नावात, दोन-दोन ॲट (@) कशाला, हे सगळं डोकं लावून शिकली ती. पुढच्या काही महिन्यांत त्यातले कितीतरी गळाले हे खरं, पण ते गळाले कारण त्यांना हवं होतं ट्विटरच, फक्त मस्क वजा केलेलं. तीच माणसं, तोच गोंगाट, तीच ब्रेकिंग न्यूज, तेवढेच फॉलोअर, आणि मालक तेवढा चांगला. अशी वस्तू बाजारात मिळत नाही आणि मला वाटतं कधी मिळणारही नाही, कारण मालक चांगला की वाईट हा मुद्दा दुय्यम आहे. चांगला मालकही कंपनी विकतो, म्हातारा होतो, गुंतवणूकदारांपुढे नमतो.

म्हणून कुणी मला नव्या ॲपचं नाव सांगितलं की माझा पहिला प्रश्न फीचर्सबद्दल नसतो. उद्या इथूनही निघावंसं वाटलं तर माझ्याबरोबर काय काय येईल? माझी माणसं येतील का, मी लिहिलेलं येईल का, लोकांना माहीत असलेला माझा पत्ता येईल का? या तिन्हीला "नाही" उत्तर असेल तर तो पर्याय नाही, तो दुसरा मालक आहे. डार्क मोड कितीही सुंदर असला तरी.

आजचा पर्याय उद्याचा मेनस्ट्रीम होतो हे आपण इतक्यांदा बघितलंय की आता आश्चर्य वाटायलाच नको. २००५ मध्ये न्यूज कॉर्पने मायस्पेससाठी ५८ कोटी डॉलर मोजले तेव्हा फेसबुक हाच पर्याय होता, कॉलेजातल्या पोरापोरींचा, खऱ्या नावांचा, नीटनेटका. २०१० मध्ये डिगने, म्हणजे लोकांनी दिलेल्या लिंका मतांवर वर चढवणाऱ्या कंपनीने, साइट बदलून लोकांचा पार विचका केला, लोक रेडिटवर गेले, रेडिट तेव्हा आपलं वाटायचं. २०२३ मध्ये त्याच रेडिटने एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या ॲपना जोडून घ्यायच्या सोयीचे, असे काही दर लावले की अपोलोसारखं रेडिट वाचायचं लोकांचं लाडकं ॲप ३० जूनला बंद करावं लागलं, हजारो सबरेडिट, म्हणजे तिथले विषयवार गट, निषेध म्हणून कुलूप लावून बसले, काही लोक लेमी या रेडिटच्या खुल्या पर्यायाकडे गेले आणि बाकीचे काही दिवसांत निमूट कामाला लागले. मायस्पेसचा तर शेवटच भयाण. सर्व्हर हलवताना गडबड झाली आणि २०१५ पर्यंतच्या बारा वर्षांत लोकांनी चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ गेले, हे कंपनीने २०१९ मध्ये मान्य केलं. ५ कोटींच्या वर गाणी होती म्हणतात. कितीतरी होतकरू बँडची एकमेव रेकॉर्डिंग तिथेच होती, दुसरीकडे कॉपी ठेवायची कुणाला सुचली नाही, कशी सुचणार, इंटरनेटवर टाकलंय म्हणजे सुखरूप आहे असंच आपण सगळे धरून चालतो.

पण लिहिलेलं, गायलेलं हे एक झालं. खरी मेख माणसांच्या यादीत आहे, म्हणजे कोण कुणाला ओळखतं त्या यादीत, आणि कंपन्यांना हे आपल्यापेक्षा फार आधी कळलंय. जुलै २०१२ मध्ये ट्विटरने इन्स्टाग्रामची "तुमचे ट्विटरवरचे मित्र शोधा" ही सोय तोडली, कारण काही महिन्यांपूर्वीच फेसबुकने इन्स्टाग्राम विकत घ्यायचं जाहीर केलं होतं. पुढच्या जानेवारीत ट्विटरने वाइन आणलं, सहा-सहा सेकंदांचे व्हिडिओ, आठवत असेल. तर ज्या दिवशी ते आलं त्याच दिवशी फेसबुकने त्याचा मित्रयादीचा रस्ता बंद केला. हा नुसता अंदाज नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने फेसबुकचे अंतर्गत ईमेल उघड केले त्यात हे आहे, खालच्या माणसाने विचारलंय की बंद करू का, आणि झुकरबर्गचं उत्तर आहे, हो, करून टाका. एका ओळीत विषय संपला. त्या एका ओळीत मला या सगळ्या धंद्याचं सार दिसतं, कारण तिथे वाइनचे व्हिडिओ चांगले की वाईट याची चर्चाच नाही, आपल्या गोठ्यातली जनावरं शेजारच्याला मोजू द्यायची नाहीत एवढंच. जनावरं आपण.

मस्कच्या ट्विटरनेही तेच केलं, फक्त उघड्यावर. १८ डिसेंबर २०२२ ला त्यांनी नियमच काढला की मॅस्टोडॉन, फेसबुक, इन्स्टाग्राम वगैरेंच्या अकाउंटची जाहिरात करणाऱ्या लिंका इथे चालणार नाहीत. एवढा आरडाओरडा झाला की जवळपास एका दिवसात मागे घ्यावा लागला. आणि जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेलफेड या इन्स्टाग्रामच्या खुल्या पर्यायाच्या लिंका फेसबुकवर स्पॅम म्हणून उडवल्या जात होत्या, फेसबुकची मालक कंपनी मेटाने नंतर सांगितलं की चूक झाली. असेल बुवा चूक. चुका नेहमी एकाच बाजूला कशा कलतात हा फक्त कुतूहलाचा प्रश्न.

आता मेटाचं ट्विटरसारखं ॲप थ्रेड्स बघा, कारण पर्याय म्हणून सगळ्यात जास्त लोक तिथेच गेले. जुलै २०२३ मध्ये आलं आणि पाच दिवसांत १० कोटी अकाउंट. कसे? इन्स्टाग्रामचं अकाउंट होतंच, एक बटण दाबलं की आत, फॉलो केलेली माणसंही आपोआप उचलून आणता येत होती. म्हणजे माणसांची यादी एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये नेणं तांत्रिकदृष्ट्या किती सोपं आहे याचं जगातलं सगळ्यात मोठं प्रात्यक्षिक मेटानेच करून दाखवलं. जे आपल्याला गेली कित्येक वर्षं "प्रायव्हसीमुळे जमत नाही, सुरक्षेमुळे जमत नाही" म्हणून सांगितलं जातंय ते स्वतःच्या दोन ॲपमध्ये करायचं म्हटल्यावर झटक्यात जमलं. आणि निघायचं? सुरुवातीला थ्रेड्सचं प्रोफाइल कायमचं उडवायचं तर इन्स्टाग्रामही उडवावं लागायचं. आत यायला एक बटण, बाहेर जायला वर्षानुवर्षांच्या फोटोंसकट सगळ्यावर पाणी. ही सोय वेगळी करायला नोव्हेंबर उजाडला.

हे सगळं असं का, याचं उत्तर पैशात आहे आणि ते काही गुपित नाही. २०२४ मध्ये मेटाचं उत्पन्न १६४ अब्ज डॉलरच्या वर होतं, त्यातले १६० अब्ज जाहिरातींचे. जाहिरातीवर चालणाऱ्या धंद्यात माणूस जितका वेळ आत तितका पैसा, त्यामुळे निघणं अवघड करणं हा त्यांचा दुष्टपणा वगैरे नाहीये, ते त्यांचं काम आहे, आणि ते ते चोख करतात. तक्रार असलीच तर ती आपल्याबद्दल आहे, की आपण पर्याय निवडताना पैशाचा प्रश्न विचारतच नाही. एलो आठवतंय का कुणाला? २०१४ मध्ये आलं होतं, जाहिराती नाहीत, तुमचा डेटा विकणार नाही, असा जाहीरनामाच होता, लोक आमंत्रणासाठी धडपडत होते. पण सुरुवातीपासून व्हेंचर कॅपिटलचे पैसे घेतलेले. गुंतवणूकदार काय पुण्य कमवायला पैसे देतो? हळूहळू एलो कलाकारांचं पोर्टफोलिओ दाखवायचं ठिकाण झालं, विकलं गेलं, आणि २०२३ मध्ये साइटच बंद, लोकांचं काम तिथेच गाडलं गेलं. कू या भारतीय ॲपचं पण तसंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये मस्कवर वैतागलेले ब्राझीलचे लोक अचानक लाटेसारखे तिथे आले, जुलै २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. मालक दुसरा, देश दुसरा, लोगोतला पक्षी पिवळा, पण साचा तोच होता: आधी फुकट गर्दी जमवा, कमाईचं पुढे बघू. निळ्या पक्ष्यावर वैतागून पिवळ्याकडे गेलेल्यांच्या हातात शेवटी काय राहिलं, तर एक मेलेलं हँडल.

ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच ॲपबद्दल बोललंच पाहिजे कारण सध्या "कुठे जाऊ" विचारणाऱ्याला पहिलं नाव तेच सांगितलं जातं. २०१९ मध्ये ट्विटरच्याच जॅक डॉर्सीने याची घोषणा केली होती, फेब्रुवारी २०२४ मध्ये आमंत्रणाची अट गेली, त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी ब्राझीलमध्ये एक्सवर, म्हणजे नाव बदललेल्या ट्विटरवर, बंदी आली तेव्हा आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर लोक लोटले, २ कोटींचा आकडा ओलांडला. त्यातली एक कल्पना मला मनापासून आवडते. तुमचं स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, असेल तर तेच तुमचं हँडल होऊ शकतं, आणि प्रोटोकॉलची, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांशी बोलायच्या नियमांची, रचनाच अशी आहे की अकाउंट दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं तरी फॉलोअर आणि पोस्टी टिकाव्यात. कागदावर माझे तिन्ही प्रश्न पास. पण प्रत्यक्षात अजून बहुतेक सगळी अकाउंट कंपनीच्याच सर्व्हरवर बसलेली आहेत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने दीड कोटी डॉलर गुंतवणूकदारांकडून उचलले, म्हणजे कधीतरी वसुलीचा दिवस येणार. दरवाजा आहे, पण त्यातून मोठ्या संख्येने कुणी गेलेलं नाही, त्यामुळे तो खरंच उघडतो का हे गर्दीच्या दिवशीच कळेल. तरी दार बांधलंय हे महत्त्वाचं. बाकीच्यांनी भिंत बांधलीय.

मॅस्टोडॉनचं तंत्र त्याहून जुनं आणि जास्त वापरलं गेलेलं. २०१६ मध्ये ऑयगेन रोखकोने ते सुरू केलं, आणि त्याच्या खाली जो ॲक्टिव्हिटीपब नावाचा प्रोटोकॉल आहे तो २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, अधिकृत केला. सोपं करून सांगायचं तर ईमेलसारखं. तुमचं खातं एका कंपनीकडे, माझं दुसरीकडे, तरी पत्र पोचतं. तसं इथे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले हजारो सर्व्हर एकमेकांशी बोलतात. आणि इथे निघायची सोय नुसती कागदावर नाही, लोक रोज वापरतात. एका सर्व्हरवरून दुसरीकडे गेलात की फॉलोअर आपोआप मागून येतात. जुन्या पोस्टी मात्र येत नाहीत, त्या मागेच राहतात, आणि हे मला कायम खटकतं, कारण जी मंडळी खुल्या वेबच्या गप्पा मारतात त्यांनी एवढं तरी करून ठेवायला हवं होतं.

शिवाय हलायला जुना सर्व्हर जिवंत असावा लागतो. चालवणाऱ्याने एक दिवस नोटीस न देता बंद केला तर तुमचे फॉलोअर त्याच्याबरोबर बुडाले. आणि सर्व्हर बंद पडतात, सांगतो ना, कारण ते चालवणारी माणसं बहुतेक हौशी, खिशातून पैसे घालणारी, रात्री जागून दुसऱ्यांच्या शिवीगाळीच्या तक्रारी निपटणारी; वर्षभर करतात, मग थकतात. थकणं फक्त हौशी लोकांची मक्तेदारी आहे असंही नाही, फायरफॉक्सवाल्या मोझिलाने स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर काढला आणि डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. निदान आधी सांगून केला.

मॉडरेशन, म्हणजे नको त्या पोस्टी आणि माणसं आवरणं, हा या पर्यायांवरचा सगळ्यात जड आक्षेप आहे आणि तो उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. खुलं सॉफ्टवेअर म्हणजे ते कुणीही वापरू शकतं, आणि "कुणीही" मध्ये नको ते लोकही येतात. २०१९ मध्ये गॅब या अतिउजव्या मंडळींच्या अड्ड्याने मॅस्टोडॉनचाच कोड उचलला. थांबवता येत नाही, लायसन्सच तसं आहे. मग झालं काय, तर बहुतेक सर्व्हरवाल्यांनी आपापल्या पातळीवर गॅबशी संबंध तोडले आणि ते आपल्या बेटावर एकटे पडले. मध्यवर्ती मालक नसताना हे झालं. पण प्रत्येक वेळी इतकं सरळ होत नाही, कोण कुणाला ब्लॉक करतंय यावरून सर्व्हर-सर्व्हरमध्ये भाऊबंदकी लागते, दोन ॲडमिन भांडतात आणि त्यांच्या भांडणात दोन मित्रांचा संपर्क तुटतो ज्यांना त्या वादाचा पत्ताही नसतो. हे सगळं मान्य करूनच मी म्हणतो की तरीही बरं. मोठ्या प्लॅटफॉर्मवर निर्णय चुकला तर जगभरातल्या लोकांसाठी एकदम चुकतो आणि तुम्ही हात जोडण्यापलीकडे काही करू शकत नाही. इथे चुकला तर बाडबिस्तरा उचलून शेजारी जाता येतं, तेही माणसं घेऊन.

"सामान्य माणसाला हे झेपणार नाही" हा दुसरा आक्षेप. हा मात्र मला फारसा पटत नाही. पॉडकास्ट ऐकणाऱ्या किती लोकांना माहीत असतं की त्याच्या मागे आरएसएस आहे, नवा मजकूर आपोआप पोचवणारं, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेलं, कुणाच्याही मालकीचं नसलेलं साधं तंत्र? लोक हव्या त्या ॲपमध्ये ऐकतात, कंटाळा आला की ॲप बदलतात, कार्यक्रम तेच राहतात, करणाऱ्याला श्रोते पुन्हा पहिल्यापासून जमवावे लागत नाहीत. प्रोटोकॉल हा शब्दही न ऐकलेली माणसं हे करतात. म्हणजे खुली रचना आणि सोपा वापर यांचं वैर नाही, फक्त सोपं करायला पैसा आणि चिकाटी लागते आणि ती आत्तापर्यंत बहुतेक बंद कुंपणवाल्यांनी ओतली. मोठी कंपनी खुल्या रचनेत आली तर काय, याचीही एक जुनी गोष्ट आहे. गूगल टॉक २००६ पासून एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर बाहेरच्या सर्व्हरांशी बोलायचं, लोक खूश, आता चॅटही ईमेलसारखं होणार म्हणून. २०१३ मध्ये हँगआउट्स आणलं आणि तो पूल काढून घेतला. त्यामुळे थ्रेड्सने डिसेंबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिटीपबशी जोडून घ्यायला सुरुवात केली तेव्हा कितीतरी मॅस्टोडॉनवाल्यांनी आधीच दार लावून घेतलं. मला ते जरा जास्त वाटलं, पण दुधाने तोंड पोळलेल्याला ताक फुंकून पिऊ नको असं कुणी सांगावं?

आता एक गोष्ट जी पर्याय शोधणाऱ्यांपैकी फार कमी लोक करतात. आपण "सोशल मीडिया" म्हणून जे एक गाठोडं धरून बसलोय ते मुळात पाच-सहा वेगळ्या कामांचं आहे. नात्यातल्यांची खुशाली, मित्रांची टवाळी, बातम्या, एखाद्या विषयातल्या जाणकारांच्या चर्चा, आपलं लिखाण किंवा माल लोकांपुढे ठेवणं, आणि रात्री झोप येईपर्यंत अंगठा सरकवणं. मोठ्या प्लॅटफॉर्मने हे सगळं एका फीडमध्ये घुसळून दिलं म्हणून आपल्याला वाटतं की पर्यायही तसाच घुसळलेला पाहिजे. कशाला? बातम्या आरएसएस रीडरमध्ये वाचता येतात (२०१३ मध्ये गूगल रीडर बंद झालं तेव्हा हे तंत्र मेलं अशी सगळ्यांची समजूत झाली, ते मजेत जिवंत आहे). खुशाली आणि टवाळीला मेसेजिंग ॲप पुरतं. विषयाच्या चर्चेला छोटा कम्युनिटी सर्व्हर बरा, जिथे गर्दी नाही हाच गुण असतो. आणि शेवटचं काम, अंगठ्याचं, त्याला पर्याय शोधूच नये असं माझं मत आहे, मॅस्टोडॉनवर येऊन "इथे स्क्रोल करायला काही नाही" म्हणणाऱ्यांची तक्रार ही मला औषध कडू आहे म्हणून डॉक्टर बदलण्यातली वाटते.

एकट्याने निघू नका हेही सांगायचंय. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या प्रायव्हसी पॉलिसीवरून गदारोळ झाला, सिग्नल या मेसेजिंग ॲपवर इतके लोक आले की १५ जानेवारीला त्यांची सेवाच कोलमडली, पण महिन्याभरात बहुतेकांच्या फोनमध्ये सिग्नल एका कोपऱ्यात पडून होतं, कारण आलेली माणसं सुटी सुटी होती आणि ग्रुप तिकडेच राहिले होते. माणूस एकटा हलत नाही, टोळी हलते. माझ्या ओळखीतला एक ग्रुप मात्र गेला तो गेलाच, कारण त्यातल्या एका खमक्या बाईंनी तारीख जाहीर केली, ज्यांना जमत नव्हतं त्यांना फोन करून ॲप टाकायला शिकवलं आणि तारखेला जुना ग्रुप सरळ बंद केला. थोडी कुरकुर झाली, एक-दोघे रुसले, मग तेही आले. वीस माणसांचा ग्रुप हलवणं हे वीस हजार लोकांना उपदेश करण्यापेक्षा शंभरपट उपयोगाचं काम आहे आणि त्यासाठी तंत्रज्ञानापेक्षा असा खमकेपणा लागतो.

ज्यांचं पोटच त्या प्लॅटफॉर्मवर आहे, म्हणजे छोटे विक्रेते, कलाकार, क्लास घेणारे, त्यांना "सोडून द्या" सांगणं हा भरल्या पोटाचा उपदेश आहे, तो मी करणार नाही. त्यांनी तिथेच राहावं. फक्त गिऱ्हाइकांचा, वाचकांचा थेट पत्ता आपल्याकडे ठेवावा, ईमेल म्हणा, फोन म्हणा, आणि आपल्या कामाचं मूळ ठिकाण स्वतःच्या डोमेनवर ठेवून प्लॅटफॉर्मवर त्याची प्रत टाकावी. उलटं करू नये. अकाउंट कधी कुठल्या ऑटोमॅटिक यंत्रणेच्या तावडीत सापडून बंद होईल सांगता येत नाही आणि दाद मागायला तिथे माणूस नसतो.

पैसे कोण देणार हा प्रश्न शेवटी येतोच. सिग्नलने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आपला खर्च मांडला होता, २०२५ पर्यंत वर्षाला साधारण ५ कोटी डॉलर लागतील असा हिशोब, आणि तेव्हाच नुसते नोंदणीचे एसएमएस वगैरे पाठवण्यावर वर्षाला ६० लाख डॉलर जात होते. जाहिरात नाही, डेटा विकणं नाही, सगळं देणग्यांवर. सुरुवातीला व्हॉट्सॲपचाच सहसंस्थापक ब्रायन ॲक्टनने ५ कोटी डॉलर घातले म्हणून गाडी रुळावर आली. मला या आकड्याची भीती नाही वाटत, उलट एवढ्या पसाऱ्याला एवढेच लागतात याचं नवल वाटतं. पण "फुकट आहे ना?" विचारून पर्याय निवडणारे आपण कधीतरी देणगीच्या बटणावर बोट ठेवणार का, की कुणीतरी श्रीमंत माणूस उपरती होऊन पैसे ओतेल याची वाट बघणार? आपण वापरतो त्या मॅस्टोडॉन सर्व्हरच्या चालकाला दर महिन्याला काहीतरी पाठवावं, यात दानधर्म काही नाही, तो बिलाचा आपला वाटा आहे.

आणि तरीही लोकांच्या चिकाटीवर हे सगळं सोडून चालणार नाही, इथे कायदाच लागतो. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते ही सोय टेलिकॉम कंपन्यांनी प्रेमाने दिलेली नाही, जिथे जिथे आली तिथे नियामकाने दंडुका दाखवून आणलीय, आणि त्याआधी त्याही कंपन्या तांत्रिक अडचणीच सांगायच्या. युरोपने डिजिटल मार्केट्स ॲक्ट करून या दिशेने पाऊल टाकलं, सप्टेंबर २०२३ मध्ये सहा कंपन्यांना गेटकीपर, म्हणजे बाजाराचं दार ताब्यात असलेल्या कंपन्या, ठरवलं, आणि व्हॉट्सॲप व मेसेंजर यांनी बाहेरच्या मेसेजिंग ॲपना जोडून घ्यायची सोय द्यावी असं बंधन घातलं. यात गंमत अशी झाली की सिग्नल आणि थ्रीमा या प्रायव्हसीवाल्या ॲपनीच जोडून घ्यायला नकार दिला, आमचं सुरक्षेचं मानक खाली येईल म्हणाले. त्यांचं म्हणणं चूक नाही. खाजगी निरोपात एन्क्रिप्शन, म्हणजे तिसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, असतं, कुणाला कुणी कधी मेसेज केला हे सुद्धा झाकायचं असतं, दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणांमध्ये ते सांभाळणं खरंच किचकट आहे. पण जाहीर पोस्टीचं काय? ती तर लिहिलीच जाते सगळ्यांनी वाचावी म्हणून, तिथे ना एन्क्रिप्शनचा प्रश्न ना झाकपाक, आणि हजारो मॅस्टोडॉन सर्व्हर ती देवाणघेवाण वर्षानुवर्षं करतायत. तरी त्या कायद्यात सोशल नेटवर्कना ही सक्ती नाही, पुढे आढावा घेताना बघू एवढ्यावर ठेवलंय. म्हणजे जे अवघड होतं ते आधी लादलं आणि जे सोपं होतं, ज्यामुळे फेसबुकवरून उठून दुसरीकडे बसलेल्या माणसाला फेसबुकवरच्या मित्रांच्या पोस्टी तिथूनच वाचता आल्या असत्या, ते मागे ठेवलं. हे उलट व्हायला हवं होतं, आणि पुढच्या खेपेला लोक चिडून "मी चाललो" ची पोस्ट टाकतील तेव्हा त्यातल्या थोड्यांनी तरी ती मालकाला उद्देशून न लिहिता आपापल्या खासदाराला टॅग करून लिहावी.